पोलादी गोळी आणि तारेचा ताप

शिकागो हे नाव काढले की मराठी माणसाला १८९३ सालची सर्वधर्म परिषद आणि स्वामी विवेकानंद आठवतात. त्याच शहराने पुढे विसाव्या शतकात जगाला एक खेळ दिला. विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही आणि नगरपालिकांनी घेतली ती बंदी घालण्यासाठी. हा खेळ म्हणजे पिनबॉल. काचेखाली कललेला रंगीत फळा, त्यावर धावणारी पोलादी गोळी, लुकलुकणारे दिवे आणि खालच्या बाजूला गोळीला परत वर टोलवणारे दोन छोटे दांडे असे त्याचे रूप. परदेशी चित्रपटांत आपल्यापैकी पुष्कळांनी हे यंत्र पाहिले असेल.

या खेळाच्या इतिहासावर इंग्रजीत बरेच लिहिले गेले आहे. त्यात कंपन्या येतात, कलावंत येतात, कायदे येतात. पण यंत्राचे झाकण उघडून आत पाहणाऱ्या कारागिराला एक वेगळाच इतिहास दिसतो. तो काळवंडलेल्या कागदात, वितळलेल्या प्लास्टिकमध्ये आणि करपलेल्या तारांत लिहिलेला असतो. यंत्र कोठे तापते आणि का तापते, हे प्रत्येक पिढीत बदलत गेले. खेळात जी जी नवी गंमत आली, तिची किंमत विजेने उष्णतेच्या रूपाने वसूल केली. जुने यंत्र दुरुस्त करणाऱ्याला म्हणूनच आधी त्याचे साल विचारावे लागते.

फळ्यापासून विजेपर्यंत

या खेळाचा पूर्वज आपल्याकडेही घरोघर होता. लाकडी फळीवर अर्धगोलाकार ठोकलेले खिळे, एका बाजूला स्प्रिंगचा दट्ट्या आणि काचेच्या गोट्या किंवा छर्रे. त्याला आपण बॅगाटेल म्हणत असू. हे फ्रेंच नाव अठराव्या शतकातले आहे. स्प्रिंगच्या दट्ट्याचे अमेरिकन पेटंट १८७१ साली सिनसिनाटी शहरातल्या माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी घेतले. तिथपासून हा खेळ बिलियर्डच्या काठीपासून सुटला आणि लहानशा पेटीत मावू लागला.

१९३१ साली, मंदीच्या ऐन कडाक्यात, शिकागोच्या डेव्हिड गॉटलीब यांनी 'बॅफल बॉल' हे यंत्र काढले. किंमत साडेसतरा डॉलर. दुकानाच्या गल्ल्याशेजारी ठेवायचे, नाणे टाकले की काही गोळ्या खेळायला मिळायच्या. अशी सुमारे ५० हजार यंत्रे खपली. पुढच्याच वर्षी रेमंड मलोनी यांचे 'बॅलीहू' आले आणि त्यावरून त्यांच्या कंपनीचे नाव बॅली पडले. या यंत्रांत विजेचा संबंध नव्हता. गोळी फक्त गुरुत्वाकर्षणाने खाली येई, त्यामुळे तापण्यासारखे त्यांत काही नव्हते.

१९३३ साली कॅलिफोर्नियातल्या हॅरी विल्यम्स यांनी 'काँटॅक्ट' हे यंत्र तयार केले. गोळी एका खळग्यात पडली की विजेचे मंडल पूर्ण होई, आतली कॉइल झटका देई आणि गोळी बाहेर फेकली जाई. वीज येई ती कोरड्या बॅटऱ्यांतून. खाली येणारी गोळी यंत्राने स्वतःच्या बळावर परत वर फेकावी, हे तेव्हा नवल होते. लवकरच बॅटऱ्यांची जागा ट्रान्सफॉर्मरने घेतली आणि यंत्र भिंतीतल्या विजेला जोडले गेले. बॅटरी थकते, तिची ताकद मर्यादित असते. भिंतीतली वीज थकत नाही. एखादी कॉइल चुकून चालू राहिली तर ती जळेपर्यंत वीज तिला मिळत राहते. यंत्रातल्या तापाचा इतिहास खरा येथून सुरू होतो.

क्षणाचे काम

तारेतून वीज वाहिली की उष्णता निर्माण होते, हा जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांचा १८४१ सालचा शोध. उष्णता विद्युतधारेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. धारा दुप्पट झाली तर ताप चौपट होतो. शाळेत मुले हे सूत्र पाठ करतात. पिनबॉलच्या पेटीत ते डोळ्यांना दिसते आणि नाकाला जाणवते.

या यंत्रातली कॉइल म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. तारेवर लाखेसारखा पातळ लेप असतो, त्यामुळे एक वेढा दुसऱ्याला विजेने चिकटत नाही. वेटोळ्याच्या पोकळीत लोखंडी दांडा असतो. वीज आली की तो आत खेचला जातो. खेचण्याचे काम जोरदार हवे म्हणून तारेचा रोध कमी ठेवतात आणि धारा मोठी येऊ देतात. हे सारे क्षणभरासाठी असते. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच वीज बंद व्हायची आणि कॉइलला थंड व्हायला वेळ मिळायचा, या हिशेबानेच ती बांधलेली असते.

हा हिशेब चुकला की काय होते, ते आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. दाब कमी असताना किंवा एक फेज गेलेली असताना विहिरीवरची मोटार चालू राहिली तर ती जळते. मग ती रिवाइंडिंगच्या दुकानात जाते आणि तेथे तो जळक्या वार्निशचा वास येतो. पिनबॉलच्या कॉइलचे तसेच आहे. तापून लेप गेला की शेजारचे वेढे एकमेकांना भिडतात. भिडले की रोध कमी होतो. रोध कमी झाला की धारा वाढते, आणि धारा वाढली की ताप आणखी वाढतो. हे चक्र एकदा फिरू लागले की कॉइलवरचा कागद तपकिरी होतो, आतली नायलॉनची नळी मऊ पडून दांड्याला आवळते आणि शेवटी धूर निघतो.

जुन्या यंत्रात कॉइल अशी अडकून राहण्याची कारणे बहुधा साधी असतात. चेंडूच्या स्पर्शाने मिटणारी पातळ पात्यांची कळ वाकून मिटलेलीच राहते. किंवा सारी क्रमवार कामे करणारी मोटर अर्ध्यावर थांबते आणि ज्या कॉइलला त्या क्षणी वीज मिळत होती ती तशीच अडकते. जळते ती कॉइल, पण दोष असतो कळीत किंवा मोटरीत. नुसती कॉइल बदलली तर नवी कॉइलही त्याच वाटेने जाते.

येथे एक अपवाद ध्यानात ठेवायला हवा. जुन्या यंत्रांतील काही रिले डाव संपेपर्यंत सतत चालू राहण्यासाठीच बनवलेले असतात. त्यांची तार बारीक आणि रोध मोठा असतो. ते हाताला गरम लागतात, आणि तसे लागणे बिघाड नव्हे. कोणता भाग तापावा आणि कोणता तापू नये, हे नकाशा पाहूनच ठरवावे लागते.

दोन दांडे आणि दोन वेटोळी

१९४७ साली गॉटलीब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी फ्लिपर आणले. बाजूचे बटण दाबले की दांडा उसळतो आणि गोळी टोलवतो. तोवर खेळणारा दट्ट्या ओढून देवावर हवाला ठेवी. आता डाव त्याच्या हातात आला. त्या यंत्रात सहा फ्लिपर होते. १९४८ च्या आरंभी जेन्को कंपनीच्या स्टीव्ह कॉर्डेक यांनी 'ट्रिपल अ‍ॅक्शन'मध्ये फक्त दोनच फ्लिपर ठेवले, पण ते फळ्याच्या तळाशी, आणि त्यांना एकदिश धारा देऊन इतके जोरकस केले की गोळी थेट वरपर्यंत जाई. पुढच्या यंत्रांनी तळाशी दोन फ्लिपर ठेवण्याची हीच पद्धत उचलली.

फ्लिपरने मात्र एक नवा पेच निर्माण केला. खेळणारा बटण दाबून दांडा वर धरून ठेवतो, गोळी त्याच्या कुशीत थांबवतो आणि नेम धरतो. कौशल्याचा खेळ हाच. पण तेवढा वेळ कॉइलमधून वीज वाहत असते. क्षणाचे काम करणाऱ्या कॉइलला येथे दहा-दहा सेकंद राबावे लागते.

यावर जी युक्ती रूढ झाली ती फार सुंदर आहे. एकाच कॉइलवर दोन वेटोळी गुंडाळतात. एक जाड तारेचे, जोर लावणारे. दुसरे बारीक तारेचे, नुसते धरून ठेवणारे. दांडा वर पोचला की तो स्वतःच शेवटची एक छोटी कळ उघडतो आणि जोराच्या वेटोळ्यातली मोठी धारा तुटते. उदाहरणादाखल, १९८० च्या दशकातल्यासारखे ५० व्होल्टचे यंत्र घेऊ. जाड वेटोळ्याचा रोध ४ ओहम असेल तर धारा होते साडेबारा अँपिअर आणि शक्ती ६२५ वॅट, म्हणजे जवळजवळ लहान इस्त्रीइतकी. त्यात १५० ओहमचे बारीक वेटोळे ओळीने जोडले की धारा उरते सुमारे एक तृतीयांश अँपिअर आणि शक्ती १६ वॅट, म्हणजे आपल्या जुन्या झिरोच्या बल्बाइतकी. त्या एका कळीवर इस्त्री आणि झिरोचा बल्ब यांतला फरक अवलंबून असतो. कळ मळली, वाकली, तिची टोके चिकटली आणि ती उघडेनाशी झाली, की बटण धरताच मुठीएवढ्या कॉइलमध्ये इस्त्री पेटते.

म्हणून जाणता कारागीर फ्लिपरची कॉइल तापते म्हटल्यावर आधी त्या कळीकडे पाहतो. दांडा हाताने वर करून पाहतो की शेवटच्या टप्प्यात पाती खरोखर विलग होतात का. मग यंत्र बंद असताना कॉइलची एक तार सोडवून दोन्ही वेटोळ्यांचा रोध मोजतो. जाड वेटोळ्याचा रोध छापील आकड्यापेक्षा बराच कमी भरला, तर कॉइल आतून भाजली आहे असे समजावे.

बंदी आणि सुटका

फ्लिपर येण्याआधीच या खेळावर संक्रांत आली होती. जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया यांनी पिनबॉलवर बंदी आणली. हा जुगार आहे, शाळकरी मुलांच्या खिशातले पैसे तो लुबाडतो, असे त्यांचे म्हणणे होते. हजारो यंत्रे जप्त झाली. हातात घण घेऊन यंत्र फोडणाऱ्या महापौरांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत. लॉस एंजेलिसमध्येही बंदी होती आणि खुद्द शिकागोतही दीर्घकाळ होती. जी शहरे यंत्रे बनवत होती तीच ती खेळू देत नव्हती.

वाद एकाच प्रश्नाचा होता. हा नशिबाचा खेळ की कौशल्याचा? १९७४ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने लॉस एंजेलिसची बंदी रद्द केली. एप्रिल १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या नगर परिषदेच्या समितीसमोर रॉजर शार्प या तरुण लेखकाने प्रत्यक्ष खेळून दाखवले. दट्ट्या ओढण्याआधी गोळी कोणत्या वाटेने जाईल ते त्याने सांगितले आणि गोळी त्याच वाटेने गेली. बंदी उठली. गोळी रोखून नेम धरता येतो, हा कौशल्याचा मोठा आधार फ्लिपरने दिला होता. आणि यंत्रातला सर्वांत तापणारा भाग तोच होता. नेम धरण्याचे हे स्वातंत्र्य खेळणाऱ्याला त्या छोट्याशा कळीने मिळवून दिले होते.

ताप जागा बदलतो

१९७७ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी रिले आणि मोटर काढून सूक्ष्मप्रक्रियक बसवला. हजारो कळींचे जंगल गेले. पुष्कळांना वाटले की आता जळणेही जाईल. तसे झाले नाही. ताप फक्त जागा बदलून बसला.

कॉइल चालू-बंद करण्याचे काम आता ट्रान्झिस्टरकडे आले. ट्रान्झिस्टर बिघडतो तेव्हा पुष्कळदा तो बंद पडण्याऐवजी कायमचा चालू होऊन बसतो. यंत्र सुरू करताच एखादी कॉइल खेचली जाऊन तशीच राहिली, तर ताबडतोब वीज बंद करावी. कॉइल भाजल्यावर तिचा रोध उतरतो आणि ती पुढे नव्या ट्रान्झिस्टरचाही घात करते. म्हणून दोन्ही तपासल्याशिवाय एक बदलू नये.

दुसरी जागा दिव्यांची. फळ्यावरचे आणि मागच्या चित्रकाचेमागचे छोटे दिवे ६.३ व्होल्टचे. ४४ क्रमांकाचा दिवा पाव अँपिअर घेतो. एकट्याचे काही नाही. पण एका ओळीत ४० दिवे असले की दहा अँपिअर होतात आणि ते सारे जोडणीच्या एकदोन पिनांतून जातात. पीन नवी असताना तिचा स्पर्शरोध ओहमच्या शतांशाइतका धरला तर तेथे एक वॅट उष्णता होते. वर्षांनुवर्षे गंज चढून तो एक दशांश ओहम झाला तर दहा वॅट, आणि तेही गव्हाच्या दाण्याएवढ्या जागेत. तापाने पिनेतली स्प्रिंग ढिली पडते, ढिली पडली की स्पर्श आणखी बिघडतो. पांढरे प्लास्टिक आधी पिवळे, मग तपकिरी, मग काळे होते. मागच्या फळीवरचे डाखही तडकतात.

येथे उपाय स्वस्त आणि समजुतीचा आहे. ४७ क्रमांकाचा दिवा तेवढ्याच व्होल्टचा, पण ०.१५ अँपिअरचा. दहा अँपिअरचे सहा झाले की ज्यूलच्या नियमाने पिनेतला ताप ३६ टक्क्यांवर येतो. करपलेली जोडणी मात्र घासून भागत नाही. पीन आणि तिचे घर ही जोडी दोन्ही बाजूंनी नवी बसवावी लागते, कारण जुनी भाजकी पीन नव्या घराला लगेच भाजते.

तिसरी जागा वीज सुधारणाऱ्या भागांची. ब्रिज रेक्टिफायरमधून जाताना दोन डायोडांवर मिळून सुमारे दीड व्होल्ट खर्ची पडतो. दहा अँपिअर धारेला ती चौदा-पंधरा वॅट उष्णता होते. ती वाहून नेण्यासाठी त्याला धातूचा पत्रा पाठीशी लावतात. पत्रा सैल झाला किंवा मधला लेप सुकला की भाग आतून जातो. संगणकाला पाच व्होल्ट पुरवणारा रेग्युलेटरही उरलेला दाब उष्णता करूनच टाकतो. तो गरम असतोच. आपण पाहायचे ते इतके, की त्याच्याकडे येणारा दाब नेहमीपेक्षा वाढला आहे का, की त्याच्या पुढचा कोणी जास्त धारा ओढतो आहे.

फ्यूज खोटे बोलत नाही

या साऱ्या यंत्रांत उष्णतेच्या वाटेवर एक पहारेकरी बसवलेला असतो, तो म्हणजे फ्यूज. तो वितळतो तेव्हा त्याने आपले काम केलेले असते. तरीही जगभर माणसाची खोड एकच. फ्यूज पुन्हा पुन्हा जातो म्हणून मोठ्या अँपिअरचा टाकायचा, नाहीतर चकाकता कागद गुंडाळून बसवायचा. आपल्या घरांतल्या चिनी मातीच्या फ्यूजमध्ये जाड तार घालणारे हात आपल्या परिचयाचे आहेत. 'आता जात नाही बघा' असे ते समाधानाने सांगतात. यानंतर जायचे ते वायरिंग जाते, ट्रान्सफॉर्मर जातो, आणि लाकडी पेटी असेल तर प्रसंगी घरही. ला गार्डियांच्या घणाखाली फुटलेली यंत्रे छायाचित्रांत दिसतात. जाड फ्यूजने जळालेल्यांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

एक सूक्ष्म गोष्टही सांगायला हवी. फ्यूज धरणारी चिमट्यासारखी पाती जुनी होऊन सैल पडली की तेथेच स्पर्शरोध वाढतो, फ्यूज बाहेरून तापतो आणि धारा योग्य असतानाही वितळतो. अशा वेळी फ्यूजचे टोक काळवंडलेले दिसते. तेव्हा पाती बदलावीत, फ्यूजचा आकडा वाढवू नये.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. प्लग भिंतीतून काढावा. साठवणीच्या धारित्रांत वीज उरते, आणि १९७० च्या दशकाअखेरच्या काही यंत्रांत आकडे दाखवणाऱ्या पट्टीला दीडशे व्होल्टहून अधिक दाब असतो, म्हणून थोडे थांबून मोजून खात्री करावी. मग नाकाने आणि डोळ्यांनी पाहावे, म्हणजे तपकिरी कागद, फुगलेली नळी, पिवळे प्लास्टिक. प्रत्येक फ्यूजचा आकडा छापील यादीशी ताडावा. मागच्या कोणीतरी केलेले पाप बहुधा येथेच सापडते. नंतर रोध मोजावेत. शेवटी वीज लावून एकेक भाग पाहावा आणि त्या वेळी स्विच हाताशी असावा.

अखेर

१९९२ साली आलेल्या 'द अ‍ॅडम्स फॅमिली' या यंत्राची वीस हजारांहून अधिक नगे खपली. त्यात फ्लिपरचा कारभारही सूक्ष्मप्रक्रियकाकडे सोपवला होता. पूर्ण जोर क्षणभर द्यायचा आणि मग आपणच धारा कमी करायची. शेवटची कळ बिघडली तरी कॉइल वाचू लागली. एका जुन्या दुखण्याचा निकाल लागला, तोच धंद्याची ओहोटी सुरू झाली. गॉटलीबचे दार १९९६ साली बंद झाले, विल्यम्सने १९९९ साली पिनबॉल सोडला, आणि मोठ्या उत्पादकांपैकी पुढे काही वर्षे स्टर्न हीच कंपनी उरली. नंतर पुन्हा नव्या कंपन्या आल्या. एलईडी दिव्यांनी धारा इतकी उतरवली की करपलेल्या दिवाजोडण्यांची कथाही नव्या यंत्रांपुरती संपली.

जुनी यंत्रे मात्र संग्राहकांकडे आणि संग्रहालयांत अजून खेळली जातात. लास व्हेगासच्या पिनबॉल हॉल ऑफ फेममध्ये आजही नाणे टाकून ती खेळता येतात. ती जिवंत राहिली ती मूळ रचना समजून घेणाऱ्या कारागिरांमुळे. १९४८ चे यंत्र कळीवर जगते, १९७८ चे ट्रान्झिस्टरवर आणि जोडणीवर, १९९२ चे प्रक्रियकावर. एकाचा उपाय दुसऱ्याला लागू पडत नाही. जळलेला भाग हा बहुतेक वेळा बळी असतो, गुन्हेगार नसतो. खरा दोष त्याच्या मागे, एखाद्या वाकलेल्या पात्यात किंवा कोणीतरी घाईने बसवलेल्या जाड तारेत सापडतो, आणि तो सापडेपर्यंत नवा भाग बसवू नये. आपल्या घरातला फ्यूज दुसऱ्यांदा गेला तर तार जाड करण्याआधी एवढे आठवले तरी पुरे.